ऑगस्टातला हॅलोवीन

आर्विड लुंडग्रेनला साध्या कपड्यांत पाहिलं तर हा पोस्टात शिक्के मारत असेल असंच वाटावं. उंचच उंच, खांद्यात वाकलेला, बोलायला लाजणारा. पण व्हँकुव्हरच्या आसपास भुताखेतांच्या ज्या मालिका निघतात, त्यांतली निम्मी भुतं म्हणजे हाच. दलदलीतला राक्षस असो की थडग्यातून वर येणारा हात, आत आर्विडच घामाघूम होऊन बसलेला असतो. तोंड कुणाला दिसत नाही, याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. लोक घाबरले की हा खूश.

या खुशीवर विरजण पडलं ते यंदाच्या वसंतात. पाच वर्षांची नात टिली घरी आली होती. आजोबाला हौस दांडगी, त्यानं टीव्हीवर आपलं काम लावलं आणि म्हणाला, "तो बघ, तो मी."

पोरीनं पडद्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि रडून घर डोक्यावर घेतलं. तिनं आपल्यापुरता अर्थ लावला: आजोबाच्या चेहऱ्याखाली तो राक्षस राहतो. त्यानंतर ती त्याच्या मांडीवर बसली नाही. तो दिसला की आईच्या मागे लपायची. आर्विड वरवर हसण्यावारी न्यायचा, पण आतून पार खचला होता.

मालिकेचा हॅलोवीनचा भाग ऑक्टोबरात दाखवायचा, म्हणून चित्रण ऑगस्टात. तिकडच्या भर उन्हाळ्यात क्लोव्हरडेलच्या एका गल्लीत प्लास्टिकचे भोपळे मांडले होते, कुंपणांवर कोळ्यांची जाळी ताणली होती. आर्विडच्या मुलीनं, कॅरिननं, बेत आखला. "बाबा, मी तिला सकाळीच आणते. तुम्हाला रंगवताना ती पहिल्यापासून बघेल. भीती जाईल."

बेत छान होता. पण सकाळी आभाळ भरून आलं, आणि दिग्दर्शकानं राक्षसाचा प्रसंग आधी घ्यायचं ठरवलं. कॅरिनला कळवायचं कुणालाच सुचलं नाही. मायलेकी पोचल्या तेव्हा राक्षस पुरा तयार होऊन एका घराच्या पायरीवर बसला होता.

 आर्विडच्या तोंडात खोटे दात चिकटवलेले, त्यामुळे 'मी आहे गं' म्हणायला गेलं तरी गुरगुरच निघणार. आता ही पोर जन्मात आपल्याजवळ येत नाही, असं त्याला वाटलं. तो पळून जायच्या विचारात अर्धा उठलासुद्धा.

टिली मात्र भोपळे बघत होती. रस्त्यावर चेटकिणी आणि सांगाडे झालेली पोरं फिरत होती. म्हणजे आज हॅलोवीन, सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागायचा दिवस. आणि हॅलोवीनला दारात बसलेल्या राक्षसाशी कसं वागायचं, हे तिकडच्या कुठल्याही पोराला शिकवावं लागत नाही. तिनं आईचा हात सोडला, डोक्यावरची टोपी काढून उलटी धरली आणि दुरूनच म्हणाली, "खाऊ देतोस की खोडी काढू?"

शेजारी गोळ्यांचं मोठं भांडं होतं. आर्विडनं आनंदानं हात घातला. एक गोळी निघेल तर शपथ. चित्रणात हलू नयेत म्हणून सामानवाल्यांनी सगळ्या गोळ्या भांड्याला डिंकानं चिकटवल्या होत्या. त्याचं एक नख मोडलं. टोपी तशीच रिकामी होती, आणि टिलीचा खालचा ओठ थरथरायला लागला होता.

आर्विडनं मागचापुढचा विचार केला नाही. आपला लांब, टोकदार, रबरी कान धरला, ओढून उपटला आणि टोपीत टाकला.

"मेल्या," पलीकडून रंगभूषावाली मारिसेल म्हणाली, "तासभर गेला होता माझा त्या कानात."

टिलीनं रबरी कानाकडे पाहिलंच नाही. ती त्याच्या डोक्याकडे बघत होती. तिथे लालेलाल झालेला, घामेजलेला, पांढऱ्या केसांचा झुबका असलेला एक साधा कान होता. ती दोन पावलं पुढे आली. बोट लावून बघितलं.

"आई, हा आजोबाचा आहे."

नवा रबरी कान चिकटवून होईपर्यंत सगळं काम थांबलं. टिली राक्षसाच्या मांडीवर बसून मारिसेलला डिंकाची बाटली धरून देत होती, आणि आर्विडच्या डोळ्यांच्या पाण्यानं गालावरचा हिरवा रंग ओघळत होता. तो पुसता पुसता मारिसेलच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. तेवढ्यात दिग्दर्शक तरातरा आला आणि राक्षसावर खेकसला, अजून किती वेळ.

टिलीनं मान वर केली. "ओरडू नकोस त्याच्यावर," ती म्हणाली. "आत माझा आजोबा आहे."