हवालदारांचा निबंध

हवालदार कशावरही लिहायला बसले, की त्याचा पंचनामा होई. 'माझी आई' या विषयावरचा त्यांचा पहिला निबंध असा सुरू झाला होता : 'नामे भीमाबाई, वय अंदाजे पासष्ट, बांधा सडपातळ, रंग सावळा, अंगावर हिरवे लुगडे.' मला हसू आवरेना. ते मात्र गंभीरपणे म्हणाले, "एवढ्यावरनं कुठल्यापन गर्दीत सापडंल बाई ती."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. लग्नानंतर मी दादरहून विरारला, फुलपाड्यात राहायला आले होते आणि जवळच्याच शाळेत मराठी शिकवत होते. हवालदार आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहत. मूळचे वसईच्या खाडीकाठच्या शेतकरी घरातले. खात्यातून फौजदार होण्यासाठी लेखी परीक्षा द्यावी लागते. आदल्या खेपेला ते तिच्यात थोडक्यात नापास झाले होते. कायद्याचे पेपर उत्तम गेले होते, मराठीने घात केला. वयाच्या अटीमुळे आता एकच संधी उरली होती. म्हणून चाळिशीचा हा गृहस्थ, मुलांच्या वह्यांची उरलेली कोरी पानं शिवून, ड्यूटी संपली की आमच्याकडे शिकायला येई.

त्यांच्या घरच्या बोलीत 'ण' नव्हताच. पानी, लोनी, कोन. लिहितानाही तेच उतरे आणि मी लाल पेनाने गोल करी. एकदा पान गोलांनी भरून गेलं. ते बघून म्हणाले, "आमच्या गावात आजवर कुनाचं या 'ण'वाचून अडलं नाय. सरकारचंच अडतं." तरी दुसऱ्या दिवशी 'ण'चे शब्द दोन पानं भरून लिहून आणले. भाजी निवडता निवडता आपण त्यांची तोंडी परीक्षा घेतो, असं त्यांच्या बायकोने मला हसत हसत सांगितलं.

परीक्षा जवळ आली तशी मीच घाबरले. 'रम्य पहाट' या विषयावरचा एक तयार निबंध मी त्यांना पाठ करायला दिला. सोनेरी किरणं, दवाचे मोती, कोकिळेचं कूजन, सगळं होतं त्यात. दोन दिवसांनी त्यांनी तो कागद माझ्यापुढे ठेवला.

"यातलं मी काय पाहिलेलं नाय बाई. न पाहता पंचनामा मी कधी केला नाय."

"मग पुन्हा नापास व्हा!" मी फटकन बोलून गेले.

ते वही गुंडाळून उठायला लागले. मला लाज वाटली. "बसा," मी म्हटलं, "तुम्ही पाहिलेली पहाट कशी होती ते तरी सांगा."

खाली बघतच त्यांनी सांगितलं. पोलीस भरतीला निघाले त्या दिवशी खाडीचं पाणी चढून वाट बुडाली होती. धड कपड्यांचा एकच जोड होता. तो भिजू नये म्हणून आईने डोक्यावर घेतला आणि कमरेएवढ्या पाण्यातून ती पुढे चालत राहिली, मागून हे. "पलीकडच्या बांधावर चढलो तेव्हा उजाडलं. तिनं आपल्या पदरानं माझे पाय पुसले."

"हेच लिहा."

"असलं चालतं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन पानं आणून दिली. पहिल्या वाचनात मला एकही चूक दिसली नाही. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा बऱ्याच दिसल्या.

परीक्षेत विषय भलताच आला. पण आता ते बिचकले नाहीत. स्वतःचं पाहिलेलं लिहून आले. निकाल लागला त्या संध्याकाळी दारात उभं राहून "झालो बाई" एवढंच म्हणाले आणि कितीतरी वेळ रुमालाने तोंड पुसत राहिले. आतून माझ्या सासूबाई साखर घेऊन आल्या.

त्यांची नेमणूक विदर्भात झाली. उन्हाळ्यात बिऱ्हाड हललं. निरोप घेताना मी "साहेब" म्हणाले, तर केवढे संकोचले! त्यानंतर भेट नाही. दोनेक वर्षांनी मात्र एक आंतर्देशीय पत्र आलं. 'आमच्या ठाण्यातील एक शिपाई लेखी परीक्षेत नापास झाला आहे. पुन्हा बसणार नाही म्हणतो. त्याला रोज सायंकाळी घरी बोलावून अभ्यास घेतो. कायदा मी शिकवीन. व्याकरण कुठून सुरू करावे, ते कृपया कळवावे.'

शाळेच्या वह्यांचा गठ्ठा बाजूला सारून मी त्याच दुपारी उत्तर लिहायला बसले.