उशिराचे कारण

दवाखान्यात त्यांना सगळे ‘तारीखवाले’ म्हणत. लहान मुलांच्या लसीकरणाची नोंदवही त्यांच्या ताब्यात. सुई टोचायचं काम नर्सबाईंचं, पण लोकांना जास्त टोचायचं ते तारीखवाल्यांचं बोलणं. त्यांचं अक्षर मात्र मोत्यासारखं, आणि वहीत एवढ्या वर्षांत एक खाडाखोड नाही, हे ते विचारलं नाही तरी सांगत.

वहीतला शेवटचा रकाना होता ‘उशिराचे कारण’. कुणी म्हणे बाळाला सर्दी होती, कुणी म्हणे घरी पाहुणे होते. तारीखवाले सगळं ऐकून घेत, मान डोलावत आणि ठरलेले दोनच शब्द लिहीत : पालकांचा निष्काळजीपणा.

“अहो, खरंच सर्दी होती त्या बाळाला,” नर्सबाई एकदा म्हणाल्या.

“साध्या सर्दीत लस देता येते. भिंतीवर लिहिलंय, मीच लिहिलंय,” तारीखवाले म्हणाले. विषय संपला.

त्यांच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला, तेव्हा ते आठवडाभर छाती काढून चालत होते. मग कॉलेजने कळवलं : गोवराच्या दोन्ही डोसांचा पुरावा आणा, नाहीतर सोमवारपासून वॉर्डात पाऊल टाकायचं नाही. घरात कार्ड सापडेना. कपाटं उपसून झाली. बायको दबक्या आवाजात म्हणाली, “दुसऱ्या वेळी तुम्ही नेणार होता तिला.”

“नेलीच असणार. कार्ड कशाला हवं? माझी वही आहे ना!” असं म्हणून ते मुलीला घेऊन ऐटीत दवाखान्यात गेले.

जुनी वही निघाली. पहिला डोस सापडला. पुढे दुसऱ्या डोसाची तारीख, त्यांच्याच मोत्यासारख्या अक्षरात. आणि तिच्यापुढे ‘दिला’ अशी नोंदच नाही, कोरी जागा.

तारीखवाल्यांनी पान उलटलं, परत उलटलं, चष्मा पुसला. मग त्यांना तो आठवडा आठवला. लस राहून गेलेली मुलं शोधायची मोहीम होती. त्यांनी एकट्याने चाळीस घरांची दारं ठोठावली होती आणि त्याबद्दल मिळालेलं प्रशस्तिपत्र अजून दिवाणखान्यात टांगलेलं होतं. बायकोने त्या आठवड्यात तीनदा आठवण करून दिली होती. “माझ्याच दवाखान्यातली लस, पळून जाते की काय?” असं ते म्हणाले होते. एक्केचाळिसावं दार त्यांचं स्वतःचं होतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नर्सबाईंनी मात्र बाऊ केला नाही. “राहिला तर राहिला, आज देऊ. पहिला डोस वाया जात नाही, पुन्हा सुरुवातीपासून काही करायचं नसतं.” मग त्यांनी मुलीला नेहमीचे प्रश्न विचारले : ताप आहे का, आधीच्या लसीनंतर काही त्रास झाला होता का, दिवस गेलेत का. शेवटच्या प्रश्नाला मुलगी खुदकन हसली. तारीखवाले घाईघाईने खिडकीबाहेर बघू लागले.

लस टोचून झाल्यावर अर्धा तास थांबायचं, हा नियम. रडणाऱ्या तान्ह्या बाळांच्या रांगेत ही घोडी बाकावर बसली. शेजारचं एक बाळ रडायचं थांबून तिच्याकडे टक लावून बघत राहिलं.

अर्धा तास झाला. नर्सबाईंनी दाखला लिहिला आणि वही तारीखवाल्यांपुढे सरकवली. नाव, लस, तारीख लिहून झालं. शेवटच्या रकान्यापाशी पेन थांबलं.

“त्या वेळी काय झालं, मोहीम होती ना...” ते पुटपुटले.

“सगळ्यांचंच काही ना काही असतं, तारीखवाले,” नर्सबाई म्हणाल्या.

तारीखवाल्यांनी खाली मान घातली आणि लिहिलं : पालकांचा निष्काळजीपणा. अक्षर नेहमीसारखंच सुंदर आलं. त्याचाच त्यांना राग आला.

मुलीने खांद्यावरून वाकून वाचलं. “बाबा, ‘पालकांचा’ कशाला? आईला का ओढताय त्यात?”

तारीखवाल्यांनी पट्टी धरली, ‘पालकांचा’ या शब्दावर आडवी रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं : वडिलांचा.