शब्बीरभाईंच्या दोन उजव्या बाह्या

इस्लामपूरच्या आमच्या छोट्या हॉस्पिटलात किस्से साठले ते जुन्या एक्स-रेच्या पाकिटांसारखे: टाकवत नाहीत आणि कुठलं कुणाचं ते कळत नाही. शब्बीरभाई टेलरचा किस्सा तर मी इतक्यांदा सांगितलाय, की त्यात माझं स्वतःचं किती खरं, याची आता मलाच खात्री नाही.

*

शब्बीरभाईंच्या मोठ्या आतड्याला जुनी सूज. जुलाब, त्यातून रक्त.

"दिवसातून कितीदा?" मी विचारलं.

"आवं, एक शर्ट शिवून व्हायला सा वेळा उठतोय!"

केस-पेपरवर हे कसं लिहावं, मला सुचेना.

*

एकदा म्हणाले, डोकं दुखतंय. बारीक टाक्यांचं काम. मी डोळे तपासायला पाठवलं. आठवड्याने नवा चष्मा लावून हजर!

"कसं वाटतंय?"

"झकास! डोकेदुखी आता लय स्पष्ट दिसतीया!"

मी हसलो. हसायला नको होतं.

*

त्याच दिवशी आमच्या कांबळे सिस्टर शब्बीरभाईंनी शिवलेला नवा युनिफॉर्म घालून ओपीडीत आल्या. डाव्या खांद्यावर कापड मागे ओढत होतं. दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या!

"वीस वर्षं माझं कापड शिवतोय ह्यो माणूस," त्या म्हणाल्या. "कवा टाका चुकला न्हाई."

इथून पुढे मी नेहमी सांगतो, की माझ्या डोक्यात लख्खकन प्रकाश पडला.

*

सांगलीला एमआरआय झाला. मेंदूच्या शिरेत गुठळी! आतड्याची सूज रक्तालाही गोठायला लावू शकते, हे मी वाचलं होतं. माणसात पाहिलं नव्हतं. उपाय म्हणजे रक्त पातळ करणारं इंजेक्शन.

शब्बीरभाईंच्या बायकोने मला अडवलं. "खालनं रगात जातंयच की! त्यात तुमी आनखी पातळ करताय? माणूस ठेवताय का न्हाई?"

शंका माझीही तीच होती. गुठळी वाढली तरी जीव जाणार, रक्तस्राव वाढला तरी. मी पुस्तक उघडलं. सांगलीच्या मोठ्या डॉक्टरांना फोन केला. पुन्हा पुस्तक उघडलं. पुन्हा एकदा.

"सर," सिस्टर म्हणाल्या, "तिन्ही वेळा तेच लिवलंय न्हवं? मग द्या की आता!"

दिलं.

*

दोन महिन्यांनी शब्बीरभाई मशीनवर बसले. पहिलं काम म्हणून त्यांनी ती बाही उसवायला मागितली.

"न्हाई देत," सिस्टर म्हणाल्या. "माझा एमआरआय हाय त्यो!"

*

निवृत्तीनंतर काही वर्षांनी कपाट आवरताना शब्बीरभाईंचा केस-पेपर सापडला. चष्म्याच्या दिवशीची नोंद माझ्या अक्षरात: "नवा चष्मा. महिन्याने दाखवणे."

खाली सिस्टरांचं अक्षर: "दोन्ही बाह्या उजव्या. सर, डोकं बघा."