तेवीस गड कोणाकडे

राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली त्या वर्षी आमच्या दहिवलीच्या आळीने मिरवणूक काढायचं ठरवलं. कल्पना माझीच. पुरंदरच्या तहाच्या वेळी महाराजांकडे पस्तीस गड धरतात, आणि आळीत घरंही पस्तीस. दर घराने एका गडाची पाटी बांबूला लावून धरायची. नदीवरच्या पुलापाशी तह. तिथे दिलेल्या तेवीस गडांच्या पाट्या खाली करायच्या, राखलेले बारा वर ठेवायचे. शाळेपाशी पोचलो की गेलेले गड परत घ्यायचे, म्हणजे सगळ्या पाट्या वर.

नुसता जयजयकार मला पुरत नव्हता. माणूस किती हरला हे सांगितल्याशिवाय तो किती मोठा झाला हे कळत नाही, असं माझं मत होतं. अजून आहे.

मी खोपोलीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचो. यादी करणं रोजचं काम. आधी राखलेले बारा लिहिले, मग दिलेले तेवीस. समोर घरांचे क्रमांक टाकले आणि कागद देवळाच्या खांबाला चिकटवला.

संध्याकाळी विहिरीपलीकडे, आळीच्या खालच्या अंगाला राहणारा शेजारी आला. रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला, माझ्याच वयाचा, बौद्ध. ओट्यावर बसला नाही.

"यादी तुमी केलीत ना?"

"हो. काही चुकलंय?"

"चुकलंय कशाला? राखले ते सगळे विहिरीच्या अलीकडं, दिले ते सगळे पलीकडं. आमच्यातलं एक घर राखलेल्यात नाय. तुमच्याकडं मात्र राजगड हाय."

"अहो, मी क्रमाने घातले."

"क्रम कुठनं सुरू केलात?"

सुरुवात माझ्या घरापासून केली होती. विहिरीपर्यंत बरोबर बारा घरं, तिच्यापलीकडे तेवीस. मुद्दाम केलं नव्हतं, पण त्याने ते मानावं असा काही पुरावा माझ्याकडे नव्हता.

"आमची माणसं यायची नायत," तो म्हणाला. "खाली करायलाच आमी का?"

तो गेल्यावर मी अंगणात येरझारा घालत राहिलो. बायको म्हणाली, "चिठ्ठ्या टाका."

"यादी लागून गेलीय."

"मग फाडा."

सकाळी देवळापाशी सगळ्यांसमोर यादी फाडली. चूक माझी, असं म्हणालो. डब्यात पस्तीस चिठ्ठ्या टाकल्या. मला प्रबळगड आला, दिलेल्यांतला. सांधेवाल्याला राजगड. कोणीतरी ओरडलं, "बघा रं, राजधानी खालच्या आळीत गेली!" हसू झालं, पण तो हसला नाही.

मिरवणुकीला पस्तीसही घरं आली. मी दोनदा मोजली.

पुलापाशी पाट्या खाली करायची वेळ आली आणि सगळे थबकले. विहिरीपलीकडची माणसं तर अजिबात हलेनात. पहिला कोण, म्हणून जो तो माझ्याकडे बघत होता. प्रबळगड म्हणजे चौक गावाच्या बाजूला रोज दिसणारा डोंगर, घरचाच म्हणायचा. मी पाटी खाली केली. क्षणभर माझ्या एकट्याचीच खाली. मग विहिरीपलीकडची एक बाई म्हणाली, "करा आता, तेन्ला एकटं नका ठेऊ." पाट्या खाली येत गेल्या. तेवीस झाल्या.

पुलापासून शाळेपर्यंत सांधेवाला राजगड उंच धरून माझ्या शेजारून चालला. नजर समोरच. महाराजांना ते गड परत घ्यायला चार-पाच वर्षं थांबावं लागलं होतं. मला तो दोन-तीनशे पावलांचा रस्ता संपत नव्हता.

शाळेच्या फाटकाशी सगळ्यांनी पाट्या वर केल्या. माझी तशीच राहिली.

"वर करा आता," तो म्हणाला. "घेतला परत."

मी वर केली. तरी तो आमच्या ओट्यावर बसला तो दिवाळीत, आणि तोही बायकोने दोनदा म्हटल्यावर.

अजून कुठलीही यादी करायला बसलो की पेन टेकवण्याआधी बघतो, सुरुवात कुठून करतोय.