साडूंनी शिकवलेला श्वास

माझ्या थोरल्या साडूंइतका ज्ञानाचा छळवाद मांडणारा माणूस मोलगीपासून रनाळ्यापर्यंत दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. नंदुरबारच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलं. निवृत्त झाले तेव्हा विद्यार्थी सुटले आणि आम्ही नातेवाईक सापडलो. सिद्धान्त एकच: कुठलीही गोष्ट आपल्यापर्यंत येताना वाटेत थोडी गिळली जाते, ती भर घातल्याशिवाय मत बनवू नये. एका मयतीच्या घरी सुना रडत कशा नाहीत, असं मी पुटपुटलो, तर भर गर्दीत म्हणाले, "मधे दोन भिंती आहेत. त्यांनी गिळलेलं धरा, आत भरपूर रडणं आहे." अशा माणसाला सणावारी मानाच्या पाटावर बसवायचं आणि आपण शेजारी बसून ऐकायचं!

सासऱ्यांच्या, म्हणजे मामांच्या, छातीत दुखू लागलं आणि सुरतेला हृदयाचं स्कॅन ठरलं, तेव्हा तर साडूंना पर्वणीच मिळाली. शिरेतून दिलेलं औषध हृदयात जाऊन किरण सोडतं, कॅमेरा ते टिपतो. पण वाटेत छाती-पोट काही किरण गिळतात आणि धडधाकट हृदयावरही काळा डाग दिसतो. म्हणून सीटी स्कॅनने शरीराचा नकाशा काढून गिळलेलं भरून घेतात. साडूंचा सिद्धान्त चक्क यंत्रात! मग काय विचारता, आठवडाभर त्यांनी मामांना ओसरीवर आडवं करून छाती फुगवून श्वास धरायला शिकवलं. का, तर नकाशा स्वच्छ यावा. जावयाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही ही त्या घरची रीत, त्यामुळे तापीकाठी केळी पिकवण्यात उभा जन्म गेलेले मामा मुकाट्याने गाल फुगवून पडायचे.

स्कॅनमध्ये हृदयाच्या डाव्या भिंतीवर काळा डाग आला. रक्त पोचत नसावं, कदाचित ऑपरेशन लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि माझ्या बायकोचा धीरच सुटला. साडू मात्र तिला ऑपरेशन समजावत बसले. मला त्या क्षणी त्यांचा मनस्वी राग आला. तेवढ्यात बाईंनी पुन्हा चित्रं पाहिली, बाहेर आल्या आणि सीटीच्या वेळी श्वास कसा घेतला होता, असं मामांना विचारलं. मामा अभिमानाने म्हणाले, "मोठा जवाईनी सांगेल व्हतं. छाती फुगाडीसन पडेल व्हतू."

बाईंनी कपाळाला हात लावला. फुगलेल्या फुप्फुसांनी हृदय खाली ढकललेलं, त्यामुळे नकाशात हृदय एकीकडे आणि कॅमेऱ्यात दुसरीकडे. गिळलेल्या किरणांची भरपाई भलत्याच जागी पडली होती, म्हणून तो डाग. साधा श्वास चालू ठेवून सीटी पुन्हा काढली, डाग गेला. साडू भिंतीला टेकून उभे होते. मला बोलायचं बरंच होतं. मामांनी हाताने थांबवलं. "ऱ्हाऊ दे. मन्हाकरताच शिकाडं ना त्यानी."

तेव्हापासून साडू गप्प झाले. येतात, मामांच्या खाटेशी बसतात, त्यांच्या छातीची हालचाल बघतात, निघून जातात. त्या गप्पपणाचा मला वैताग येईल असं कधी वाटलं नव्हतं. परवा मामांनाच राहवलं नाही. आडवे होत त्यांनी विचारलं, "जवाईबुवा, आते श्वास धरू का सोडू?"

"सोडा मामा," साडू म्हणाले, आणि चष्मा पुसायला बाहेर गेले.