पाण्याखालचे पैंजण

ऐक गो, फोन कानाला नीट लाव. आजीचं अर्धं ऐकून ठेवून देतेस, ही कसली सवय? आज आमसुलांच्या बरणीमागे तुझे लहानपणीचे पैंजण सापडले. तू एवढीशी होतीस तेव्हा तुझा बाबा तुला नि तुझ्या आईला घेऊन घरी आला होता, त्याच्या अल्बमचं शेवटचं गाणं पुरं करायला. त्याला त्यात भरतीचा आवाज हवा होता, म्हणून घरामागे खाडीत उतरणाऱ्या पायऱ्यांतल्या वरच्या पायरीला माईक बांधून वायर पार माजघरापर्यंत ओढलेली, आणि हा हेडफोन चढवून, दार लावून बसलेला. तुझी आई बाजारात गेलेली. मला वाटलं तू आत झोपलीयस, त्याला वाटलं तू माझ्यापाशी पडवीत. वारा पडला होता, कावळासुद्धा ओरडत नव्हता. मी चहा घेऊन आत गेले तर हा आपला हसतोय. हेडफोनची एक बाजू माझ्या कानाला लावून म्हणाला, "आई, ऐक, पैंजण काय गोड वाजतायत." पाणी चुळचुळत होतं, मधेच छुम छुम. मी म्हटलं, "अरे, पण पोर कुठाय?" तेवढ्यात पैंजण थांबले. पाण्याखाली पैंजण वाजत नाहीत, हे आम्हा दोघांना एकदमच कळलं. धावत गेलो तर तू खालच्या पायरीवर, कमरेएवढ्या पाण्यात, वरून लोंबणारी वायर धरून उभी होतीस. तो आवाज त्याने गाण्यात तसाच ठेवला, लोक वाखाणतात. पैंजण थांबतात तिथं माझा श्वास अजून अडकतो, कारण गाण्यात ते पुन्हा वाजतच नाहीत. तेव्हा लवकर ये गो, आणि अंगणातून पाय वाजवत ये.