दत्तराव काकांच्या घड्याळाची सात मिनिटं

आधीच सांगून टाकते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. नव्हता... म्हणजे आता नक्की काय म्हणायचं ते वाचून तुम्हीच ठरवा. मी बी.एस्सी. फिजिक्स. सासूबाई दर शनिवारी दुकानाच्या शटरला लिंबू-मिरची बांधतात आणि सोमवारी मी ती काढून टाकते, लग्न झाल्यापासून आमचं हे सुरू आहे. दिवसभर घड्याळं उघडायची, साफ करायची, बंद करायची हा माझा धंदा. घड्याळात स्प्रिंग असते, चाकं असतात आणि तेल असतं. बाकी काही नसतं.

दुकान वसमतला, बसस्टँडच्या जवळच. ते मूळ अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. आता त्यांचे हात थरथरतात म्हणून बाकावर मी बसते आणि ते मागच्या खुर्चीत बसून माझ्या चुका काढतात. काढू देत. असा कारागीर मी दुसरा बघितला नाही. तिळाएवढा स्क्रू जमिनीवर पडला तर आवाजावरून सांगायचे, “टेबलाच्या डाव्या पायाजवळ बघ.” आणि तिथंच असायचा! एवढं करून दुकानात त्यांचे नियम दोनच. एक, दोन घड्याळं एका कपड्यावर उघडायची नाहीत. दुसरा, एका घड्याळातला पार्ट दुसऱ्यात घालायचा तर आधी मालकाला तोंडानं विचारायचं, आणि मग झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं बारीक खूण करायची, म्हणजे पुढं उघडणाऱ्याला कळतं.

आमच्याकडे जास्त करून भिंतीवरची घड्याळं आणि सेल बदलायची कामं येतात. पण कुरुंद्याच्या दोन भावांची दोन घड्याळं म्हणजे अण्णांचा जीव की प्राण. थोरले दत्तराव काका, धाकटे माणिक काका. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी हळदीला चांगला भाव लागला तेव्हा दोघं हैदराबादला गेले आणि एकाच स्विस कंपनीची दोन घड्याळं घेऊन आले. त्या पैशात जुनी जीप आली असती, असं अख्खं कुरुंदा म्हणत होतं. थोरल्याचं काळ्या डायलचं, तारीखवालं. धाकट्याचं पांढऱ्या डायलचं, बिनतारखेचं. मॉडेल वेगळं पण आतलं मशीन एकाच घराण्यातलं. हातात घातलं की आपोआप चालणारं. काय सुंदर मशीन आहे महाराजा! प्रत्येक पट्टीवर बारीक नक्षी, तीही अशा ठिकाणी जिथं मालकाची नजर जन्मात जाणार नाही. अण्णा म्हणायचे, “कोणी बघत न्हाई तिथं एवढं काम केलं, त्याला माणूस म्हणावं.”

दोन वर्षांपूर्वी माणिक काका गेले. हार्ट अटॅक. त्यांच्या पत्नी शोभाकाकू ह्या वर्षी मार्चमध्ये त्यांचं घड्याळ घेऊन दुकानात आल्या. त्यांची पोरगी पूजा हिचं लग्न ठरलेलं, मे महिन्यातलं. लग्नात ते घड्याळ तिच्या हातात घालायचं होतं.

“साफ कर, तेल घाल, पन यातलं काही बदलू नको बाई,” त्या म्हणाल्या. “पट्टासुद्धा त्योच राहू दे. तिच्या बापाच्या हातात जसं होतं तसं मला पोरीला द्यायचंय. दुसरं काय ऱ्हायलंय त्यांचं?”

मी हो म्हटलं. छातीला हात लावून हो म्हटलं.

आता माझी चूक ऐका. एप्रिलमध्ये एका मंगळवारी दत्तराव काका आले. हळद शिजवायच्या ढोलावर हात आपटला आणि त्यांच्या घड्याळाची चावी तुटली. चावी म्हणजे बाजूचं ते गोल बटण, जे ओढून आपण वेळ लावतो. शुक्रवारी पूजाचा साखरपुडा, शिरड शहापूरला, नवऱ्या मुलाकडे. बाप नाही म्हटल्यावर बापाच्या जागी हेच. “मान्या अन् मी कोन्त्याबी कार्याला दोघं घड्याळ घालूनच जायचो,” काका म्हणाले. “त्यो न्हाई, निदान माझं तरी हातात पायजे.”

चावी मुंबईहून मागवायची तर आठ दिवस. अण्णा मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घरी पडलेले. आणि माझ्या ड्रॉवरमध्ये माणिक काकांचं घड्याळ, अगदी तीच चावी, तोच साइज. शोभाकाकू ते न्यायला मे महिन्यात येणार. मी म्हटलं, आठ दिवसांचा तर प्रश्न आहे. नवीन आली की ती काकांच्या घड्याळाला, आणि ही परत माणिक काकांच्या. कोणाला कळणार आहे?

दोन्ही घड्याळं एकाच कपड्यावर उघडली. कोणाला विचारलं नाही, खूणही केली नाही. वीस मिनिटांत काम झालं.

बुधवारी संध्याकाळी काका घड्याळ घेऊन गेले आणि गुरुवारी सकाळी दहाला, मी शटर वर करते न करते तोच, पायरीवर हजर.

“सात मिनिटं पुढं हाय,” ते म्हणाले. आणि मग माझ्याकडे निरखून बघत, “तू लावलंस का गं पुढं?”

मला राग आला. कोणी माझ्या कामावर बोट ठेवलं की मला येतोच. “मी काहून लावू? मोबाइलला बराबर करून दिलं होतं तुमच्यासमोर!”

“न्हाई, इचारलं आपलं.”

टायमिंग मशीनवर ठेवलं. ह्या मशीनला घड्याळाची टिकटिक ऐकू येते आणि दिवसाला किती सेकंद मागंपुढं होतं ते ते सांगतं. दिवसाला दोन सेकंद पुढं. एवढ्या जुन्या घड्याळाला ह्यापेक्षा चांगलं काय पाहिजे? सात मिनिटं पुढं जायला ते वेड्यासारखं पळायला हवं होतं. मी वेळ बरोबर करून दिली, काका गेले. शुक्रवारी तेच घालून साखरपुड्याला गेले आणि शनिवारी परत दुकानात.

“परत सात. तितकंच. ना सहा, ना आठ.” आणि हसत होते! मला वाटलं माझी टर उडवतायत. मी फणकाऱ्यानं घड्याळ ठेवूनच घेतलं.

आता जरा शांतपणे वाचा, कारण मी पण शांतपणेच तपासलं होतं. लोहचुंबक लागलं तर घड्याळ पळतं, पण मग पळतच राहतं, सातवर थांबत नाही. काटे सैल असतील तर घड्याळ मागं पडतं, पुढं जात नाही. राहिली एकच शक्यता, कोणीतरी चावी ओढून फिरवतंय. म्हणून मी मोबाइलला वेळ लावली, चावीवर पारदर्शक टेप चिकटवली, टेपवरून घड्याळाच्या धातूच्या कडेवर पेनानं रेघ मारली, घड्याळ ड्रॉवरमध्ये कुलूपबंद केलं आणि किल्ली घरी नेली. रविवारी दुकान बंद असतं, तरी सकाळी जाऊन उघडलं. टेप जशीच्या तशी. रेघ जशीच्या तशी. घड्याळ सात मिनिटं पुढं.

मी ड्रॉवरचं कुलूप दोनदा ओढून बघितलं, हे कबूल करते.

व्हिडिओ काढायचा ना, असं तुम्ही म्हणणारच. काढला. परत वेळ बरोबर केली, मोबाइल स्टँडवर लावला आणि समोर बसून राहिले. मेमरी फुल होईपर्यंत अडीच तास काटा शिस्तीत चालला, कुठं उडी नाही की थरथर नाही. डबा खायला म्हणून मागं गेले, हात धुऊन आले... सात मिनिटं पुढं. त्यानंतर संध्याकाळपर्यंत एक सेकंद सरकलं नाही. जिथं पोचायचं तिथं पोचलं आणि गुमान चालायला लागलं.

घड्याळ घेऊन सरळ अण्णांकडे गेले. डोळ्याला पट्टी, हात थरथरतायत, तरी घड्याळ हातात घेतलं. कानाला लावलं. मग अंगठ्यानं चावी चाचपली, एकदा, दोनदा.

“ही चावी याची न्हाई,” अण्णा म्हणाले. “माणिकरावाची हाय. त्याच्या अंगठ्यानं एका बाजूचे दाते झिजलेत. काहून घातलीस?”

दिसत नसताना! मी सगळं सांगितलं. वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“मुंबईची चावी काल आली ना कुरियरनं?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं, आठ दिवस सांगितले होते पण चारच दिवसांत आली होती. “मग आता तुला वाटंल, गुपचूप अदलाबदल करावी अन् मोकळं व्हावं. तसं करू नको. ज्या बाईला शबूद दिला तिला आधी सांग. ती शिव्या देईल, त्या खा. मग ती म्हणंल तसं कर.”

खरं सांगते, मला त्या घड्याळापेक्षा शोभाकाकूंची भीती जास्त वाटत होती. एका बाईनं नवऱ्याची शेवटची वस्तू विश्वासानं हातात दिली आणि मी ती सुटे पार्ट असल्यासारखी वापरली. त्यांनी पूजाच्या डोळ्यांत बघून काय सांगायचं होतं? की बापाचं आहे, पण अर्धवट?

सोमवारी सकाळी जीपनं कुरुंद्याला गेले. अंगणभर शिजवलेली हळद वाळत घातलेली आणि शोभाकाकू फळीनं ती हलवत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं बोलून टाकलं. चावी, साखरपुडा, सात मिनिटं, टेप, सगळं. बोलता बोलता रडले पण.

त्यांनी फळी खाली ठेवली. “किती म्हणलीस पुढं?”

“सात मिनिटं.”

त्यांनी मला हाताला धरून घरात नेलं. भिंतीवर घड्याळ होतं. माझ्या मोबाइलमध्ये दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. भिंतीवर दहा बारा.

“ह्यांनीच लावून ठेवलेलं,” त्या म्हणाल्या. “आमच्या घरातली समदी घड्याळं सात मिनिटं पुढं. दत्तराव दादांमुळं. दादा म्हंजे मुलखाचे उशिरे, लग्न लागल्यावर अक्षता घेऊन येनार! अन् रोज सकाळी चहाला वट्यावर बसले की इचारायचे, ‘मान्या, किती वाजले?’ आन् ह्यांच्या घड्याळावर आपलं घड्याळ लावून घ्यायचे. म्हनून ह्यांनी आपलं घड्याळ पुढं केलं. मला म्हनले, दादाला कळू देऊ नको, न्हाईतर त्यो सात मिनिटं वजा करंल. तेरा-चौदा वर्सं दादा टाइमावर चालले, तर गाव म्हनायचं, घड्याळानं मानूस सुधारला.”

दुकानात घड्याळ आलं की आम्ही ते उघडतो, बंद करतो आणि मोबाइलला लावून देतो. कोणाचं किती पुढं होतं ते आमच्यापर्यंत पोचतच नाही.

“हे गेल्यापासून दादा परत उशिरा येऊन राहिले समदीकडं,” काकू म्हणाल्या. मग पदर डोळ्याला लावला. मी म्हटलं, “काकू, आजच चावी परत बसवते.”

“नको,” त्या म्हणाल्या. “त्यांना तिकडंच काम दिसतंय अजून. राहू दे तिथंच. पूजाच्या घड्याळाला तुझी नवी घाल. पोरीला मी सांगीन, बापाची चावी काकाकडं हाय. पन दादांना यातलं काही बोलू नको.”

दत्तराव काकांचं घर त्याच गल्लीत, चार घरं सोडून. घड्याळ द्यायला गेले. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, जुनं मशीन आहे, थोडं पुढं जाणारच वगैरे. काकांनी ते हातात घेतलं, भिंतीकडं बघितलं, परत घड्याळाकडं.

“दुरुस्त केलंस?” त्यांनी विचारलं. आणि तेव्हा मला कळलं, हा माणूस घाबरलाय. मी हो म्हणेन म्हणून घाबरलाय.

“नाही काका. तसंच ठेवलंय.”

त्यांनी श्वास सोडला. मनगटावर घड्याळ चढवलं. पट्टा आवळता आवळता म्हणाले, “मला ठाव होतं पोरी. पहिल्याच महिन्यात कळलं होतं. हिंगोलीची एसटी रोज सात मिनिटं लेट, अन् कंडक्टर म्हने गाडी टाइमावर हाय! म्हटलं हे मान्याचंच काम. पन त्याला लई आनंद व्हता, भावाला फसवलं म्हनून. मी कशाला मोडू? रोज इचारायचो, मान्या, किती वाजले. त्यो सांगायचा. मी लावून घ्यायचो.” मग हळूच, “शोभाला बोलू नको. तिला वाटंल म्हातारा येडा झाला.”

दुकानात पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं ना, तू लावलंस का पुढं? मी चिडले होते. त्या माणसाला फक्त एवढंच ऐकायचं होतं की मी लावलं नाही.

दोघांनीही एकमेकांना काही सांगू नको म्हणून मला बजावलं आणि मी गप्प राहिले. इथं नावं बदलून लिहितेय. झाकणावर खूण करायची राहिली होती, म्हणून काकांचं घड्याळ एका रात्रीपुरतं मागून आणलं आणि संध्याकाळी अण्णांसमोर बसून झाकणाच्या आतून सुईनं खूण केली, एक बारीक ‘मा’. अण्णांनी अंगठा फिरवून बघितली आणि म्हणाले, खोल झाली जरा, पण चालंल.

काही लोक सांगतील की काकाच फिरवत असतील. मग माझ्या कुलूपबंद ड्रॉवरमध्ये, टेपखाली कोणी फिरवली? पूजाचं घड्याळ नव्या चावीवर अगदी बरोबर चालतं. काकांचं मशीनवर आजही दिवसाला दोन सेकंद दाखवतं. मी वेळ लावते, आणि जरा पाठ फिरवली की ते सात मिनिटं पुढं. आता मी लावणंच सोडून दिलंय.

लग्न मे महिन्यात झालं, मीही गेले होते. मुहूर्त अकरा सत्तावीसचा. भटजी अजून सामान मांडत होते, नवरदेव मारुतीच्या देवळापाशीच होता, आणि दत्तराव काका एकटेच मंडपात पुढं, पाटाजवळ, फेटा बांधून ताठ उभे. मी मोबाइल बघितला. अकरा वीस.

जवळ जाऊन त्यांच्या मनगटाकडं बघितलं. तिथं अकरा सत्तावीस झाले होते.